ह्युमिडॉरमधला सिगार खरंच 'मुरतो', की आपल्याच मनाचे खेळ?

सुदामानगरी (धागाकर्ता)

मंडळी, विषय जरा चैनीचा आहे. 'तब्येतीला वाईट असतं' हे मला ठाऊक आहे असं धरून पुढे वाचा.

राहतो इंदूरला, नोकरी पीथमपूरला. मेच्या शेवटी मेहुणा दुबईहून घरच्या लग्नाला आला तेव्हा त्याने दहा सिगारची पेटी आणि वर एक छोटा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठरावीक ओलाव्यात ठेवायची पेटी, दिला. सिगार निकाराग्वाचे, रोबुस्टो, म्हणजे पाच इंच लांब आणि अंगठ्याएवढे जाड. ह्युमिडॉरच्या झाकणाला पितळी चौकटीचा काट्याचा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणारा मीटर), आत ओलाव्यासाठी स्पंजची डबी. "काटा सत्तरवर ठेव आणि घाई करू नकोस," एवढं सांगून साहेब परत गेले.

घाई केलीच. पहिला सिगार दुसऱ्या रात्री गच्चीवर पेटवला. नाकात झणझणलं, जिभेचं टोक चुरचुरलं, अर्ध्यावर डोकं गरगरायला लागलं. बायकोने खालून विचारलं, "काही जळतंय का?" दुसरा जूनच्या अखेरीस, महिनाभराने. पेटी तीच, पण चव जणू दुसऱ्याच पेटीतली. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या सालांसारखा वास, मागे थोडी कॉफी, शेवटपर्यंत कडवटपणा नाही. म्हटलं, हे मुरणं खरं दिसतंय, अजून ठेवू.

तिसरा परवा, पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला काढला आणि सगळं बोंबललं. तीनदा विझला, एका अंगाने जळत गेला, ओढून ओढून गाल दुखले आणि शेवटचा इंच काढ्यासारखा लागला. काटा मात्र पहिल्या दिवसापासून सत्तरवर ठाम आहे.

तर, ठेवल्याने चवीत नेमकं काय बदलतं? किती दिवस ठेवायचं? आणि ठेवून चव सुधारत असेल तर तिसरा दुसऱ्यापेक्षा वाईट कसा निघाला? सात उरलेत, ते वाया घालवायचे नाहीत.

किल्ल्याखालचा (ग्वाल्हेर)

आधी हे सांगा, सातातले ग्वाल्हेरला किती पाठवताय?

गंमत सोडा. मला विचाराल तर ही लाकडी पेटी आपल्या हवेसाठी नाहीच. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास, रात्री सागवानी कपाटं कडकड बोलतात. जानेवारीत धुकं पडलं की काडेपेटी सादळते. मी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि ओलावा राखणारी दोन पाकिटं, एवढ्यावर भागवतो. चवीचं म्हणाल तर महिनाभरानंतर मला तरी फरक कळत नाही. जाणकारांनी खुशाल अडाणी म्हणावं.

मिलकाका (रामबाग, इंदूर)

सुदामानगरीकर, तुमच्या तिसऱ्या सिगारचं दुखणं मला 'काटा पहिल्या दिवसापासून सत्तरवर ठाम' याच वाक्यात सापडलं. इंदुरात मेच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जो काटा हलत नाही, तो शोभेसाठी बसवलेला असतो. पण त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी माझी ओळख, कारण मी जे सांगतो ते सगळं तिथूनच आलंय. मी इथल्या एका कापड गिरणीत स्पिनिंग खात्यात होतो, गिरणीला कुलूप लागेपर्यंत. सिगारचा नाद चाळिशीनंतरचा, महूच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी लावलेला. पण दमट हवेचा नाद त्याच्या कितीतरी आधीचा. गिरणीत हवा हे अर्धं यंत्रच असतं. स्पिनिंगला ५५-६० टक्के ओलावा लागतो, विणकाम खात्यात त्याहून चढा, ७५ च्या वर. मेमधल्या दुपारी आवारात सायक्रोमीटर (कोरड्या आणि ओल्या बल्बचे दोन थर्मामीटर, ओलावा मोजायला) गरगर फिरवला की कोरडा बल्ब ४० दाखवायचा आणि ओला २१. कोष्टकात बघायचं, १७ टक्के. अशा वेळी आत फवाऱ्यांचा पंप थोडा वेळ जरी बंद पडला तरी सूत तटातट तुटायचं आणि सगळं खातं माझ्या नावाने शंख करायचं. त्यामुळे कर्नलसाहेबांनी पहिला सिगार हातात देऊन "सत्तर टक्क्यांत ठेवायचा बरं का," असं फार गुपित सांगितल्यासारखं सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. लोक ज्याला सरसकट 'मुरणं' म्हणतात त्यात तीन निरनिराळी कामं चालू असतात आणि तिन्हींचा वेग वेगळा असतो. घोळ तिथेच होतो.

सगळ्यात आधी पाणी सारखं होतं. गिरणीत कापसाची गाठ फोडली की लगेच यंत्रावर घालत नसत, दिवसभर खोलीत मोकळी पडू द्यायची. वरचा थर खोलीतलं पाणी लगेच उचलतो, पोटातला कापूस मागे राहतो. सिगारचंही तेच. वरचं गुंडाळीचं पान पातळ, एकपदरी. आतलं भरण मात्र दाबून बसवलेलं. दुबईच्या दुकानातून विमानात, विमानातून मेच्या इंदुरात असा प्रवास झाला की साल कोरडी आणि पोट दमट, किंवा उलट. असा सिगार पेटवला की आतली आणि बाहेरची आग एका चालीने चालत नाही. कोरडा भाग भराभर जळतो, धूर गरम होतो, जीभ चुरचुरते. ओला भाग धुमसतो, वाफ सोडतो आणि कडवट लागतो. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या सिगारमधला मोठा फरक बहुतेक एवढाच होता. चव 'आली' नाही हो, आड येणारी गोष्ट निघून गेली. याला तीन-चार आठवडे पुरतात.

इथे गिरणीतली एक जुनी खोड सांगतो, सिगारवाल्यांत तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सुकून मग ओला केलेला कापूस आणि ओला असताना सुकवलेला कापूस, दोन्ही एकाच ६५ टक्क्यांच्या खोलीत कितीही दिवस ठेवले तरी त्यांच्यातलं पाणी एकसारखं होत नाही. ओल्याकडून आलेला जास्त पाणी धरून बसतो. तंबाखूचं पानही असंच हट्टी. म्हणून दोघांचे मीटर ६९ दाखवत असले तरी दोघांचे सिगार एकसारखे जळतीलच असं नाही. सिगार आधी कुठे राहून आला, हेही त्याला लक्षात असतं.

दुसरं काम अमोनिया जाण्याचं. तंबाखूची पानं सुकवल्यावर मोठे ढीग रचून आंबवतात, ढीग आतून तापतो, मग उलथवून पुन्हा रचतात. या आंबण्यात पानातला नत्राचा भाग फुटून अमोनिया बाहेर पडतो. पुढे सिगार वळताना पान तुटू नये म्हणून पुन्हा ओलं करतात, त्यामुळे नव्याने वळलेल्या सिगारमध्ये ही भट्टी मंदपणे चालूच राहते. कारखानेही म्हणून माल काही काळ सीडरच्या खोल्यांत निजवून मगच बाहेर काढतात. तरी थोडा दर्प राहतो. ओळख सोपी: सिगार न पेटवता पायाकडून, म्हणजे पेटवायच्या टोकाकडून, हुंगा. केस काळे करायच्या डायची बाटली उघडल्यासारखं नाकात गेलं तर तो अजून कच्चा. हे काम आठवड्यांचं नव्हे, काही महिन्यांचं. आणि त्यासाठी अधूनमधून झाकण उघडायला हवं, नाहीतर दर्प डब्यातच फिरत राहील. मी दर रविवारी पोहे खाऊन झाल्यावर पाच मिनिटं उघडतो.

"मेमध्ये झाकण उघडलं तर सगळा ओलावा उडून जाईल!" असं पुष्कळजण घाबरतात. हिशोब करा. पाच लिटरची पेटी धरा, आत २७ अंश आणि ६७ टक्के, बाहेर ४० अंश आणि १७ टक्के. आतली सगळी हवा गेली आणि बाहेरची आली, तरी पाण्याचा फरक साधारण ४० मिलिग्रॅम. म्हणजे एक थेंब. झाकणाने घात होत नाही. घात होतो फटीने, जी रात्रंदिवस चालू असते, आणि कोरड्या लाकडाने, जे ग्रॅमने पाणी पितं.

तिसरं काम म्हणजे खरं मुरणं, आपल्या लिंबाच्या लोणच्यासारखं. वर्ष, दोन वर्षं, जास्त. उडून जाणारे तिखट वास हळूहळू जातात, आतली निरनिराळी पानं एकमेकांचा वास घेतात, कडा बोथट होतात. पण लोणचं मुरतं म्हणून कोणी काकडीची कोशिंबीर मुरवत नाही. मुळात दमदार, मिरपूड-माती असा जोर असलेला सिगार मुरून गोडावतो. मुळातच सौम्य असलेला मुरून पाणचट होतो.

यातलं खरं किती आणि मनाचं किती, हे बघायला मी २०१९ च्या दिवाळीत पंचवीसची एक पेटी केवळ प्रयोगासाठी बाजूला काढली. डॉमिनिकन सिगार, मध्यम जोराचा. जुन्या हजेरीवहीत तारखा आणि दोन-दोन ओळी. दुसऱ्या दिवशीची नोंद: 'ओल्या सरपणाचा धूर. टाळू सुन्न.' तीन आठवड्यांनी: 'सरळ जळला. चव अजून चढ्या आवाजात बोलते.' चार महिन्यांनी: 'दर्प गेला. साईचा वास. छान.' दहा महिन्यांनी: 'छान.' वहीत याहून जास्त काही नाही, आणि त्याचाच मला संशय आला. मग त्याच सिगारची नवी पेटी मागवली आणि भाच्याला बसवलं. त्याने कागदी पट्ट्या काढायच्या, चिठ्ठीवर नंबर टाकायचे, मला काही सांगायचं नाही. नवा आणि मुरलेला यांची जोडी मी पाचही वेळा ओळखली. चार महिने आणि दहा महिने या जोडीत पाचातून दोनदा बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. तेव्हा ग्वाल्हेरकर, तुम्ही अडाणी नाही. तिसऱ्या वर्षी त्यातले शेवटचे दोन ओढले. गोडवा होता, पण अंगच नव्हतं. पेल्यातल्या पाण्यात मधाचं बोट बुडवावं तसं.

लाकडाबद्दल थोडं. ह्युमिडॉरला आतून जे लावतात ते 'स्पॅनिश सीडर' ना स्पेनचं, ना सीडर. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड, महोगनीच्या आणि चक्क आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. आपल्याकडचा तूण त्याचा जवळचा भाऊबंद. हे लाकूड ओलावा घेतं-देतं, आणि त्याचा वास तंबाखूला शोभतो. पण वासामुळे सिगार 'तयार' होतो वगैरे मी मानत नाही. उलट वास लागायची भीती जास्त. माझी पहिली पेटी मी कपड्यांच्या लोखंडी कपाटात ठेवली होती. वरच्या खणात डांबरगोळ्या. दोन महिन्यांनी सिगार पेटवला तर ट्रंकेतल्या शालूचा वास! व्हॅनिला वगैरे लावलेले सुगंधी सिगारही साध्यांच्या शेजारी ठेवू नका, घरभर पसरलेल्या पाहुण्यांसारखे सगळ्यांना आपल्या रंगात घेतात.

आणि किडे. एका जूनमध्ये सिगारला टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली आणि तपकिरी, तिळाहून लहान किडे निघाले. मी परदेशी रोग म्हणून हादरलो. बायकोने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तर हळकुंडातले!" खरंच तेच. तंबाखूचा किडा म्हणतात तो हाच. हळद, धणे, मिरची, सगळं खातो. अंडी पानातूनच आलेली असतात आणि २४-२५ अंशांच्या वर सहज उबतात. माझ्या घरात मेमध्ये आत ३२ असतं, म्हणजे मी त्यांना पाळणाघरच दिलं होतं. तेव्हापासून नवा माल आला की हवाबंद पिशवीत एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग पेटीत. एकदम गरम-थंड केलं तर पान तडकतं. पेटी आता माजघरातल्या खालच्या फडताळात असते, जुन्या घराच्या दोन फुटी भिंतीत.

आता तुमचा रोगी. विझतो, एका अंगाने जळतो, ओढ घट्ट, शेवटी कडू: हा पाण्याने फुगलेला सिगार. जूनमध्ये कोरडी पेटी पाणी पीत होती म्हणून दुसरा बरा निघाला. मग पाऊस लागला, पेटीचं पोट भरलं, स्पंज भरलेलाच राहिला आणि काटा आपला सत्तरवर ध्यान लावून बसला. असं करा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर एकाच झिपच्या पिशवीत चोवीस तास. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्केच असते, इंदूर असो की हवाना. मीटर जितका चुकेल तितका फरक पट्टीने लिहून ठेवा. स्पंज काढून टाका. त्यात आरओचं किंवा नळाचं पाणी घातलं असेल तर तसंही बुरशीला आमंत्रण होतं, डिस्टिल्ड लागतं. त्याच्या जागी ६५ टक्क्यांचं दुतर्फा पाकीट, म्हणजे ओलावा देणारं आणि शोषणारंही, ठेवा. आपल्या उकाड्यात सत्तरपेक्षा ६५ बरं.

आणि एक सिगार आज वजन करून ठेवा. काट्याचा मीटर खोटं बोलतो, तराजू बोलत नाही.

सयाजीगंज (बडोदा)

मिलकाका, दंडवत. हळकुंडातले किडे वाचून आमच्या स्वयंपाकघरात तपासणी झाली.

माझी भर चवीबद्दल नाही, नाकाबद्दल आहे. वडिलांचे एक स्नेही पेटलादकडे तंबाखूच्या धंद्यात होते. चरोतरचा बहुतेक माल विडीचा, सिगारशी त्याचा संबंध नाही. पण त्यांच्या खळीवर लहानपणी गेलो होतो ते आठवतं. नव्या मालाच्या वखारीत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. मागच्या बाजूला जुनी पोती, तिथे मात्र सुक्या खजुरासारखा वास. ते काका पोत्यात हात घालायचे, मूठ नाकाशी न्यायचे आणि वय सांगायचे. मला वाटायचं थापा मारतात. आता अमोनियाचं वाचल्यावर कळलं की त्या वखारीत डोळे का चुरचुरायचे.

अजून एक, सिगारवरचा सेलोफेनचा कागद काढायचा की ठेवायचा यावर लोक भांडतात. मी ठेवतो. त्यातून ओलावा हळू जातो-येतो, पान हाताळताना फाटत नाही, आणि किडा निघालाच तर शेजाऱ्याकडे जायला त्याला वेळ लागतो. कागद वर्षा-दोन वर्षांत पिवळसर पडतो तो तंबाखूच्या तेलाने. माझ्याकडे मुरल्याचा तेवढाच एक दाखला आहे, कारण हजेरीवही ठेवण्याइतकी शिस्त नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात ओलावा घालायचा प्रश्नच नसतो, काढायचा असतो. ओढायच्या आधी तीन-चार तास सिगार एसीच्या खोलीत उघडा ठेवतो. तेवढ्यानेही ओढ मोकळी होते.

मोलारवाला

धागाकर्त्याने आधीच तोंड बंद केलंय, तरी दंतवैद्य असल्यामुळे राहवत नाही. 'धूर छातीत घेत नाही' म्हणून सिगार निरुपद्रवी ठरत नाही. धूर तोंडात घोळवला जातो, आणि तोंडाचा कॅन्सर तिथेच होतो. सिगार कितीही मुरला तरी त्यात बदल होत नाही. जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दाखवायला या. बाकी चालू द्या.

मिलकाका (रामबाग, इंदूर)

डॉक्टरसाहेब, मान्य. म्हणूनच महिन्याला एक, आणि तोही पाऊण झाला की टाकून देतो. बायको म्हणते तो पाऊणही टाका.

बडोदेकर, एसीची युक्ती चांगली. फक्त इतरांनी ती ऋतू बघून करावी. आमच्याकडे मेमध्ये सिगार अर्धा तास जरी पंख्याखाली राहिला तरी साल तडकते. आणि ज्यांच्याकडे कूलर चालतो त्यांनी कूलरच्या खोलीत पेटी ठेवताना विचार करा. दिवसा खसच्या ताट्यांतून दमट वारा, रात्री कूलर बंद की हवा ठणठणीत कोरडी. असे रोजचे हेलकावे सिगारला सगळ्यात वाईट. सतत ६२ चाललं तर चालेल, सतत ६८ पण चालेल. ५५ आणि ७५ यांच्यात झुलणारा सिगार फुगतो, आक्रसतो, फुगतो, आणि एक दिवस शिवण सोडतो. पेटी भरलेली असली की हे हेलकावे कमी होतात, कारण पानंच पाणी देतात-घेतात. अर्धी रिकामी पेटी सांभाळायला कठीण. सातच उरले असतील तर पेटी मोठी पडते, लहान डबा बघा.

सुदामानगरी (धागाकर्ता)

उशिरा उत्तर देतोय, कारण प्रयोग पुरा करायचा होता.

मिठाची परीक्षा केली. काकांचं निदान बरोबर. चोवीस तासांनी ७५ दाखवायला हवं होतं, पितळी काट्याने दाखवलं ६९. म्हणजे माझे सत्तर हे खरे ७६ होते. साधा डिजिटल मीटर आणून मिठावर तपासून घेतला आणि पेटीत ठेवला, तर तिथे ७७. स्पंजची डबी उघडली तर कडेला करडी लव. होय, आरओचं पाणी. डबी फेकली. सिगार एकेक करून पाहिले, बुरशी कुठे लागली नव्हती. मग सगळे स्वयंपाकघरातल्या रबरी कडेच्या डब्यात ६५ च्या पाकिटासोबत भरले. बायकोचा चकल्यांचा डबा गेला, त्याची भरपाई छप्पनला (आमची खाऊगल्ली) नेऊन करावी लागली.

वजनाचं मला थट्टेचं वाटलं होतं, पण सराफ्यात मित्राचं दुकान आहे. त्याच्या सोन्याच्या काट्यावर सिगार ठेवला तेव्हा त्याचा नोकर माझ्याकडे बघत राहिला. पहिल्या दिवशी १४.१२ ग्रॅम. आठवड्याने १३.८०. दुसऱ्या आठवड्याला १३.६१. तिसऱ्याला १३.५४, आणि त्यानंतर दोन दिवसांनीही तेच, तेव्हा थांबलो. अर्ध्या ग्रॅमहून जास्त पाणी त्या एका सिगारमध्ये जास्तीचं बसलं होतं. हातातही फरक लागतो. आधी दाबला की भिजलेल्या टोस्टसारखा, आता थोडा दबतो आणि परत येतो.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) रात्रभर पाहून झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच वजन केलेला सिगार घेऊन मिलकाकांकडे रामबागेत गेलो. (हो, आम्ही निरोपानिरोपी करून भेटलो. काकांनी झांक्यांच्या जुन्या गोष्टी सांगितल्या, त्या दुसऱ्या धाग्यात.) त्यांनी पेटवण्याआधी पायाकडून हुंगला, मला हुंगायला दिला. डायचा वास अगदी थोडा, पण आहे. एका काडीत पेटला, शेवटपर्यंत सरळ गेला, एकदाही विझला नाही. शेंगदाण्याच्या सालाचा वास परत आला, कॉफी मात्र नाही. शेवटच्या इंचाला थोडी कडू झाक. जूनमधल्या दुसऱ्याइतका चांगला? थोडा कमी. काका म्हणाले, एकदा फुगून परत सुकलाय, विसरायला वेळ लागेल त्याला, पुढचा दिवाळीनंतर काढ. त्यांच्या वहीत त्यांनी तारीख टाकून एकच शब्द लिहिला, 'बरा'.

सहा उरले. त्यातला एक ग्वाल्हेरला पाठवतोय, प्लास्टिकच्या डब्यातून.